वाटीच्या पोटातला तामडा

उल्का सबनीसकडे दागिना करायला जायचं तर आधी उलटतपासणीची तयारी ठेवायची, हे गाझियाबादपासून दिल्ली छावणीपर्यंतच्या मराठी बायकांना पक्कं ठाऊक होतं. कुणी मोडीचं जुनं सोनं घेऊन आलं की ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि लगेच विचारायची, "हे कुणाचं? राजीखुशीनं दिलंय ना? देताना कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं ना?" येणारी गडबडून जायची. सोनार वजन करतो, कस बघतो; रडलं कोण हे विचारणारी ही पहिलीच भेटायची.

खड्यांच्या बाबतीत तर आणखी कहर. खडा कुठल्या खाणीतला, कुणी घासला, घासणारा धडधाकट आहे का, हे कळल्याशिवाय ती तो कागदाच्या पुडीतून बाहेरसुद्धा काढायची नाही. आणि दागिना तयार झाला की ही सगळी हकिगत गिऱ्हाइकाला बसवून ऐकवायची. कुणाला स्वयंपाकाची घाई असो, कुणाची बस चुकत असो, हकिगत ऐकल्याशिवाय डबी हातात मिळत नसे. बायका पाठीमागे हसायच्या आणि पुढच्या दागिन्याला पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

याची सुरुवात मोठी साधी होती. लग्न होऊन ती दिल्लीला आली ती सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा विनय सबनीस एका मंत्रालयात असिस्टंट. सरळ, कमी बोलणारा माणूस. त्या वसाहतीत कुणाचं मंगळसूत्र ओवायला झालं की पंचाईत व्हायची. दिल्लीचा सोनार काळी पोत उलटीपालटी करून म्हणायचा, "बहनजी, ये नज़र का धागा है क्या?" उल्कानं माहेरी नाशिकला पटवेकऱ्याच्या दुकानात बसून ओवण्याचं काम पाहिलं होतं, हाताला वळण होतं. ती शेजारणींची मंगळसूत्रं ओवून द्यायला लागली. काम होईपर्यंत गळा मोकळा राहू नये म्हणून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा ती स्वतःच बाईच्या गळ्यात घालायची. हळूहळू कानातली आली, अंगठ्या आल्या. चित्र तिचं, खडा तिनं निवडलेला, सोन्याचं काम करोलबागेतल्या एका बंगाली कारागिराचं, आणि खडा कोंदणात बसवणं पुन्हा तिचं.

तेव्हा ती पहाडगंजच्या लॉजवर उतरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून लाल अकीकाचे खडे घ्यायची. स्वस्त आणि सुरेख. कौस्तुभला, म्हणजे मुलाला, पहाडगंजच्या मराठी शाळेत सोडलं की तिकडूनच ती लॉजवर जायची. एकदा हौसेनं ती त्या व्यापाऱ्याबरोबर खडे घासतात ती जागा बघायला गेली. पत्र्याची शेड, दारं लावलेली, आत चाकावर कोरडा दगड धरून बसलेला एक माणूस. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या धुळीनं. तो खोकला, थांबला, तिच्याकडे बघून ओशाळवाणं हसला आणि परत दगड चाकाला लावला. पुढल्या वर्षी तिनं सहज विचारलं, "वो भैया कैसे हैं?" व्यापारी म्हणाला, "वो तो गया," आणि दुसरी पुडी उघडली. उल्का उठली ती पुन्हा त्या लॉजची पायरी चढली नाही. घरी येऊन विनयला म्हणाली, "कुणाच्या छातीतली धूळ आणि कुणाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या दागिन्यात नको." विनय म्हणाला, "मग दागिने होणार कसे?" तो काही टोमणा नव्हता, खरोखरच त्याला काळजी वाटली होती.

मग तिला विष्णू सापडला. राजस्थानातला, तामडे घासणारा. तामडा म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल खडा; माणकाच्या मानानं गरीब, पण उजेडाला धरला की आत निखारा दिसतो. विष्णूच्या शेडमध्ये चाकावर पाण्याची धार सोडलेली असे, त्यामुळे धूळ उडायचीच नाही. उल्का तिथे गेली तेव्हा तिनं आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. खडा बघायला आलेली बाई खिडक्या तपासते हे विष्णूनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण बोट स्वच्छ निघालं, आणि तेव्हापासून त्यांचं जमलं ते जमलं.

दरम्यान जग झपाट्यानं बदललं. यमुनेपलीकडे शेतं होती तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या. सबनीसांनी कर्ज काढून गाझियाबादच्या वैशालीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा खालच्या रस्त्यावर डांबरसुद्धा पडलं नव्हतं. गुडगावात मॉल निघाले. तिथल्या एका बुटीकवाल्या मॅडमला कुठून तरी उल्काचा पत्ता लागला. खड्यांची हकिगत ऐकून ती हरखली. "एथिकल! मॅडम, आजकल यही चलता है. हम कार्ड छपवाएँगे." उल्का ताडकन म्हणाली, "चलता है इसलिए नहीं करती मैं." मॅडमनी ते वाक्यसुद्धा कार्डावर छापायची परवानगी मागितली. उल्कानं कपाळावर हात मारून घेतला. ऑर्डर मात्र घेतली, कारण कौस्तुभची इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

हा कौस्तुभ तिचा एकुलता एक. "रत्नाचं नाव ठेवलंयस, आता बस जपत," असं विनय म्हणायचा, आणि ती खरंच जपायची. आईची थट्टा करायचा हक्क घरात फक्त त्यालाच होता. "आई, तू एअरपोर्टवरच्या कस्टम्सवाल्यांपेक्षा वाईट आहेस यार. कुणी फुकट हिरा दिला तरी तू त्याची जन्मपत्रिका मागशील." तो शिकला, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि गुडगावात मित्रांबरोबर खोली घेऊन राहायला लागला. शनिवारी रात्री कपड्यांचं बोचकं घेऊन घरी यायचा, रविवारभर झोपायचा आणि जेवायचा.

अशाच एका रविवारी दाराची घंटा वाजली आणि त्यानंच अर्धवट झोपेत दार उघडलं. दारात दिल्ली छावणीतल्या सुभेदार बळवंत निकमांची बायको आणि मुलगी. आईचं मंगळसूत्र ओवायला आणलेलं. निकम साताऱ्याकडचे, मुलगी शिवांजली दिल्लीतच वाढलेली, एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवायची. उल्का आईच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधत होती तेवढ्यात मुलीनं विचारलं, "काकू, समजा काम होईपर्यंत हळकुंड हरवलं तर?" उल्का काही बोलायच्या आत कौस्तुभ म्हणाला, "तर आई पोलिसांत देते." मुलगी खळखळून हसली. उल्कानं मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजलं. मंगळसूत्र न्यायला मुलगी एकटीच आली. आणि तीही रविवारीच.

वर्षभरात घरच्यांनी होकार दिले. जातीची कुजबुज थोडी झाली दोन्हीकडे, पण सुभेदारांनी ती एका वाक्यात संपवली. "पोरगा नजरेला नजर देऊन बोलतो. मला पुरं हाय तेवढं."

आपल्या सुनेचं मंगळसूत्र म्हटल्यावर उल्काच्या अंगात आलं. पन्नासएक कागद फाडले असतील तिनं. दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची, हे तर ठरलेलंच. सासरच्या वाटीसाठी तिनं आपली पाटली मोडली. माहेरच्या वाटीसाठी सुभेदारांनी त्यांच्या आईच्या बोरमाळेतले मणी आणले. उल्कानं सवयीनं विचारलं, "राजीखुशीनं दिलेत ना आईंनी?" सुभेदार म्हणाले, "ताई, मरायच्या आधी तिनं सोता काढून पोरीच्या नावानं ठेवल्यात. हसत हुती." उल्कानं मणी कपाळाला लावले.

आणि मग तिला ती कल्पना सुचली. लग्नात मंगळसूत्र उलटं घालतात, वाट्यांची पोकळ बाजू बाहेर. त्या पोकळीत हळदकुंकू भरतात. सोळाव्या दिवशी ते सुलटं करतात. पोकळ बाजू आत जाते आणि जन्मभर अंगाला लागून राहते. उल्कानं ठरवलं, वाटीच्या पोटात, त्या पोकळीत, एकेक तामडा बसवायचा. सोळा दिवस तो जगाला दिसेल. मग आत जाईल, आणि पुढे तो आहे हे फक्त नवरीलाच माहीत. तिनं विष्णूला फोन केला. विष्णूनं एकाच दगडाचे दोन तुकडे करून दोन खडे घासून पाठवले. उजेडाला धरले तर दोघांच्या आत एकसारखी बारीक रेघ दिसायची, दगडातून आरपार गेलेली.

तिनं ते बसवले तेव्हा कौस्तुभ शेजारी बसून बघत होता. "आई, पण आत गेल्यावर दिसणार कुणाला?"

"तिला कळेल ना. अंगाला लागेल."

"सही आहे," तो म्हणाला. उल्कानं दोन्ही वाट्या तात्पुरत्या पिवळ्या दोऱ्यात ओवल्या, हळदकुंकू लावलेल्या कापसात ठेवल्या आणि डबी देवापुढे ठेवली. काळी पोत लग्नाच्या आदल्या आठवड्यात ओवायची असं ठरलं.

लग्नाला पंधरवडा होता. सकाळची शिफ्ट सुटल्यावर कौस्तुभ कारखान्यात लाईनवरच्या मुलांना पत्रिका वाटत राहिला. एकेकाच्या हातात पत्रिका, एकेकाचा गळामिठीचा आग्रह. तेवढ्यात कंपनीची बस निघून गेली. त्यानं शेअर ऑटो धरला. हायवेवर मागून ट्रक आला.

पुढचं सगळं लोकांनी केलं. उल्काला त्यातलं थोडंच आठवायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणीतरी तिला चहा पाजत होतं आणि ती सांगत होती, साखर कमी घाला, कौस्तुभला जास्त गोड चालत नाही. मग कुणीतरी एक पिशवी तिच्या हातात दिली. घड्याळ, पाकीट आणि वाटायच्या राहिलेल्या पत्रिका.

तेरावं झाल्यावर ती डबी घेऊन बसली. बोरमाळेच्या सोन्याची वाटी परत करायला हवी होती, ते निकमांचं सोनं. सुभेदार भेटायला आले तेव्हा तिनं डबी पुढे केली. "ताई, दिलेलं माघारी घेत न्हाई आमच्यात." त्यांनी डबीला हातसुद्धा लावला नाही. वाट्या तशाच एका दोऱ्यात राहिल्या. उल्कानं डबी कपाटात आतल्या कप्प्यात ठेवली आणि त्यानंतर मंगळसूत्राचं काम कधी हातात घेतलं नाही. बायका आल्या तर म्हणायची, "कानातलं करून देते. अंगठी करून देते. ते नको."

ती रडायची ते कपाटासमोर. आंघोळीला जाण्याआधी कपाट उघडायची, डबी हातात घ्यायची, रडून घ्यायची आणि मग दिवस सुरू करायची. जसं कुणी देवपूजा करतं तसं ते नेमानं चाललं होतं. विनयला माहीत होतं. तो त्या वेळी दूध आणायला खाली जायचा आणि दूध मिळालं तरी जरा थांबून वर यायचा.

शिवांजली मात्र येत राहिली. संक्रांतीला तिळगूळ, गणपतीत मोदक, एरवी नुसतीच. बसायची, खडे निवडायला मदत करायची, चित्रं काढून द्यायची. कौस्तुभचं नाव दोघी घ्यायच्या नाहीत आणि त्याच्याशिवाय दुसरं काही बोलायच्याही नाहीत. म्हणजे गुडगावचा तो रस्ता, मानेसरची ती बस, असल्याच गोष्टी फिरून फिरून यायच्या. उल्काला मनातून कळत होतं की ही पोर तरुण आहे, तिनं इथे असं बसणं बरं नाही. तसं बोलून दाखवायचं धाडस तिला झालं नाही. पोर आली नाही तर आपलं काय होईल, ही भीती होती, हेच खरं.

तीनेक वर्षांनी शिवांजली एका रविवारी आली ती बराच वेळ चपला काढतच राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, बाबा रिटायर होतायत. साताऱ्याला परत चाललेत. आणि... माझं ठरलंय. केतन म्हणून आहे. पुण्याला बँकेत."

उल्काच्या हातात पोळी होती. तिनं ती तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. "कसा आहे?" तिनं विचारलं.

"चांगला आहे. शांत आहे. मी त्याला सगळं सांगितलंय."

"मग झालं तर," उल्का म्हणाली आणि पोळीला तूप लावून तिच्या ताटात वाढली. शिवांजलीनं घास घेतला नाही.

"मंगळसूत्र तुम्ही करायचं, काकू."

"मी करत नाही आता. माहीत आहे तुला."

"माहितीये. तरी तुम्हीच. आणि बाबांच्या सोन्याची ती वाटी आहे ना, तीच हवीये मला. खडासुद्धा तोच."

"सोनं तुझ्या बाबांचं आहे, ते ने. खडा काढून देते, दुसरा मागवते विष्णूकडून."

"मला दुसरा नकोय."

"अगं, हट्ट काय करतेस? उद्या त्या केतनला कळलं तर?"

"त्याला कळलंय. तो म्हणाला, बिल्कुल घे, त्यात काय."

उल्काचा आवाज चढला. "केतनचा प्रश्नच नाही! माझा नियम आहे. रडून दिलेली वस्तू मी नवरीच्या गळ्यात घालत नाही. आजवर कुणाच्या घातली नाही, तुझ्या घालू?"

"मग रडू नका ना!" शिवांजली ओरडली. बोलून गेल्यावर तीच घाबरली. ताटाकडे बघत हळू म्हणाली, "सॉरी, काकू. पण त्याच्याशी लग्न झालं असतं तर तो खडा जन्मभर माझ्या अंगाला लागून राहिला असता. तेवढंसुद्धा नाही का मिळणार मला?"

उल्कानं दुसरी पोळी तव्यावर टाकली. पोर जेवली, भांडी घासली आणि पाया पडून गेली.

त्यानंतरचे काही दिवस उल्काचे फार वाईट गेले. ती डबी समोर घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला विचारते तसं स्वतःला विचारायची: राजीखुशीनं देतेस ना? खरं उत्तर तिला ठाऊक होतं. तिला तो खडा द्यायचा नव्हता. तिच्या मुलाचं जे काही या जगात शिल्लक होतं ते त्या डबीत होतं, आणि ते उचलून ती एका परक्या माणसाच्या घरी पाठवणार होती. तिला पोरीचा राग आला, केतन नावाच्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला, पत्रिका वाटत बसलेल्या कौस्तुभचा तर फारच आला.

शेवटी विनय बोलला. एरवी तो या विषयात पडायचा नाही. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाला, "आपल्यामागे हे कपाट कोण उघडणार आहे, उल्का?"

"म्हणजे?"

"कुणीतरी लांबचा भाचा-पुतण्या येईल. डबी करोलबागेत नेऊन विकेल. आणि घेणारा विचारणारसुद्धा नाही, हा खडा कुणाचा म्हणून."

हे मात्र तिला आरपार लागलं. जन्मभर तिनं ज्याच्यासाठी लोकांना छळलं, तेच त्या खड्याच्या नशिबी येणार होतं. एका पुडीत इतर खड्यांबरोबर पडणार, निनावी.

तिनं शिवांजलीला फोन केला. "सासरच्या वाटीचं सोनं पाठवायला सांग त्यांना. बाकी मी बघते."

आणि त्याच सकाळी तिनं मनाशी ठरवलं. वस्तू रडून द्यायची नाही. आणि मंगळसूत्राचं देणं काही डबी हातात ठेवल्यावर संपत नाही. ते संपतं सोळाव्या दिवशी, खडा आत गेल्यावर. तोपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. मग तिचा नियम मोडणार नव्हता, आणि पोरीच्या गळ्यात रडं जाणार नव्हतं. तिनं हे विनयलासुद्धा सांगितलं नाही.

पहिलंच काम सगळ्यांत अवघड निघालं. दोन्ही वाट्या अजून त्या पिवळ्या दोऱ्यात एकत्र होत्या. त्या वेगळ्या करायच्या तर दोरा कापायला हवा होता. तिनं कात्री घेतली, ठेवली, परत घेतली. डोळे भरून यायला लागले तशी ती उठली, तोंडावर गार पाण्याचे हबके मारले, येऊन बसली आणि दोरा कापला. बोरमाळेच्या सोन्याची वाटी एका बाजूला ठेवली. आपल्या पाटलीची, कौस्तुभच्या घरची, परत डबीत ठेवली.

केतनच्या घरच्या वाटीसाठी विष्णूनं नवा तामडा पाठवला. फोनवर म्हणाला, "बहनजी, वैसा जोड़ फिर नहीं मिलेगा. वो पत्थर एक ही था." नवा थोडा गडद होता आणि त्यात रेघ नव्हती. उल्कानं तो चोख बसवला. त्यात तिनं काही कमी केलं नाही. मग काळी पोत ओवायला घेतली. पोतीचे मणी इतके बारीक, की डोळा जरा ओलावला तरी सुई चुकायची. त्यामुळे एका परीनं तिला ती मदतच झाली.

त्याच दिवसांत विनयनं माळा आवरायला काढला आणि एक खोकं खाली आलं. लग्नासाठी घेतलेले कौस्तुभचे बूट, एकदाही न घातलेले, आत कागदाचे बोळे तसेच. विनय खोकं हातात धरून नुसता उभा राहिला. उल्का म्हणाली, "परत वर ठेवा. आत्ता नाही." तिचा आवाज इतका कोरडा होता की विनयनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

शिवांजली डबी न्यायला आली तेव्हा उल्कानं रिवाजाप्रमाणे हकिगत सांगितली. ही वाटी अमक्या घरची. हा खडा विष्णूचा, पाण्याच्या धारेखाली घासलेला. दुसऱ्या वाटीपाशी आल्यावर ती थांबली. "आणि हा कुठला, ते तुला माहीत आहे."

शिवांजलीनं वाटी उजेडाकडे धरली. आतली बारीक रेघ तिला दिसली असणार, कारण तिनं ती बराच वेळ धरून ठेवली. मग उल्काचाच प्रश्न तिनं उल्काला विचारला. "काकू, राजीखुशीनं देताय ना? देताना कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही ना?"

उल्कानं तोंड खिडकीकडे केलं. "बघ. आहे का?"

शिवांजलीनं तिच्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं. "नाहीये," ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. उल्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवरीनं रडलेलं चालतं, तिनं मनात म्हटलं. नवरी घेणारी असते.

लग्न छावणीतल्या देवळाच्या हॉलमध्ये झालं. उल्का आणि विनय तिसऱ्या रांगेत बसले होते. केतननं मंगळसूत्र घातलं तेव्हा पोकळ वाट्या बाहेर आल्या, त्यांत कुंकू भरलं गेलं आणि कुंकवात लाल खडा जेमतेम दिसला. ज्यांना सबनीसांची हकिगत ठाऊक होती त्या बायका पदराआडून उल्काकडे बघत होत्या. तिच्या डोळ्यांत काही नाही हे त्यांनी बघितलं. जेवणाच्या पंगतीत मागून आवाज आला, "घट्ट काळजाची हो बाई. टिपूससुद्धा नाही. तीनच वर्षं तर झाली." विनयनं ऐकलं आणि पानावरून उठायला लागला. उल्कानं त्याचा मनगटाशी हात धरला. "जिलबी छान आहे," ती म्हणाली. "खा."

नवराबायको पुण्याला गेली. उल्का घरी दिवस ढकलत राहिली. कपाट तिनं उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर निभलं नसतं. सकाळी ती विनयबरोबर दूध आणायला खाली जायला लागली. छातीत काहीतरी गच्च बसलं होतं, जेवण जाईना. डॉक्टर म्हणाले, अॅसिडिटी आहे. तिनं गोळ्या घेतल्या.

सोळाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"काकू," शिवांजलीचा आवाज आला, "आत्ता सासूबाईंनी सुलटं केलं. खडा आत गेला. आता दिसत नाहीये."

"बरं झालं. बरोबर बसलंय ना?"

"हो. पण थोडा टोचतोय."

"दोन दिवस टोचेल. मग कळणारसुद्धा नाही तुला."

मग शिवांजली म्हणाली, "मला कळायला हवाय, काकू."

"मग कळेल," उल्का म्हणाली. "सुखी राहा. ठेवते आता."

तिनं फोन ठेवला, आत जाऊन कपाट उघडलं आणि डबी काढली. कापसात एकच वाटी होती, पोकळ बाजू वर, तामडा बाहेर. या वाटीला सुलटं करायला कुणी नव्हतं. उल्कानं ती उचलली, तळहातावर पालथी घातली, आतला खडा कातडीला लागला तसा मूठ आवळून धरली आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडली. आता चालणार होतं. बाहेरच्या खोलीत विनयनं टीव्ही बंद केला, आत आला आणि तिच्याजवळ खाली बसला.